जुन्या एसीचा गॅस हवेत सोडणं थांबवा: नागपुरातल्या ऑफिसांची खरेदी बघणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

नमस्कार साहेब, नमस्कार मॅडम,

मी नंदनवनला फ्रीज-एसी रिपेरिंगचं दुकान चालवतो. दुकान म्हणजे एक शटर, आत एक टेबल अन् हाताखाली दोन पोरं. आयटीआय करून या लाईनीत आलो त्याला २६ वर्षं झाली, म्हणजे नागपूरचे २६ उन्हाळे मी लोकांच्या गच्चीवर अन् खिडकीबाहेरच्या अँगलवर उभं राहून काढले. हे पत्र कोण्या एका साहेबाच्या नावानं नाही. नागपुरातल्या सरकारी-निमसरकारी ऑफिसांत, कॉलेजांत, दवाखान्यांत कोणते एसी घ्यायचे ते कोणीतरी ठरवतं, जुना माल कोणीतरी स्क्रॅपला काढतं, मेंटेनन्सच्या बिलावर कोणाची तरी सही असते, त्या सगळ्यांना लिहून राहिलो. बाकी नागपूरकरांनीही वाचावं, कारण पैसा त्यांचा आहे अन् हवाही त्यांचीच आहे.

झालं असं की मागच्या आठवड्यात एका दाखल्यासाठी एका ऑफिसात गेलो होतो. ऑफिसचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणी होत असतं तर पत्र लिहायची गरज नव्हती, तिथंच बोलून मोकळा झालो असतो. मार्च एंड तोंडावर आला, बजेट शिल्लक होतं, म्हणून पहिल्या मजल्यावरचे जुने एसी काढून नवे बसवायचं काम सुरू होतं. मागच्या गॅलरीत ओळीनं बाहेरची युनिटं लागलेली. एक पोरगा, अठरा-एकोणीसचा असेल, पायात चप्पल, हातात हॅकसॉ ब्लेड, युनिटसमोर उकिडवा बसला अन् सरळ तांब्याची नळी कापायला लागला. नळी अर्धी कापली गेली की फुस्स करून पांढरा धूर, सोबत तेलाचा फवारा भिंतीवर, पोरगा तोंड फिरवून हात लांब करून थांबला, आवाज बसला की उरलेली नळी कापली अन् सरकला पुढच्या मशिनीकडे. खाली कबाड्याची गाडी उभीच होती. मी तिथं उभा असताना १४ मशिनी अशा मोकळ्या झाल्या. भिंतीवर १४ काळपट डाग, आजही असतील, जाऊन बघा.

मी त्याला म्हटलं, बाळा पंपडाऊन का नाही करत, म्हणजे गॅस आधी बाहेरच्या युनिटमध्ये का नाही कोंडून घेत? तर म्हणतो, "काका लाईट कुठे आहे, वायरिंगवाल्यानं काल एमसीबीच काढून नेल्या. अन् ठेकेदार मशीनमागे पैसे देतो, थांबून कसं जमेल." त्याच्यावर माझा राग नाही. मीही त्या वयात तेच केलं, मला कोणी सांगितलंच नव्हतं. मग मी काम बघणाऱ्या साहेबांना विचारलं, तर त्यांनी वर्क ऑर्डरच दाखवली, माणूस चांगला होता. त्यात भिंतीचं भोक सिमेंटनं बुजवायचं कलम आहे, वरून रंग मारायचं कलम आहे, मलबा उचलायचं कलम आहे. गॅसचा एक शब्द नाही. "जुना माल आहे हो, त्यातल्या गॅसचं काय घेऊन बसलात," असं म्हणाले. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

तर गॅसचं काय घेऊन बसलो ते सांगतो.

त्या वयाच्या मशिनींत बहुतेक आर-२२ असतो, आमच्यात नुसतं बावीस म्हणतात. दीड टनाच्या स्प्लिटमध्ये साधारण किलोभर बसतो. एक किलो बावीस हवेत सुटला की १०० वर्षांच्या हिशोबानं तो १८१० किलो कार्बन डायऑक्साईडएवढी गरमी धरून ठेवतो. आता एक लिटर पेट्रोल जळलं तर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साईड निघतो, म्हणजे एका मशिनीचा गॅस पावणेआठशे लिटरच्या वर पेट्रोल जाळल्यासारखा झाला. पन्नासचं ॲव्हरेज देणाऱ्या बाईकवर तेवढ्या पेट्रोलमध्ये पृथ्वीभोवती जवळपास एक चक्कर होते. त्या गॅलरीत अर्ध्या सकाळी अशा १४ चकरा झाल्या अन् कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण धूर दोन मिनिटांत विरून जातो. वरून हा गॅस ओझोनचा थर खातो ते वेगळंच. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारापासून जग या जातीचे गॅस बंद करत आणून राहिलं, अन् आपल्या देशातही नव्या मशिनी बनवताना बावीस वापरणं २०२४ संपता संपता बंद झालं. कारखान्यात बंद केलेला गॅस आपण गॅलरीत मोकळा सोडतो.

अन् हे टाळायला लागतं काय? बाहेरच्या युनिटला बाजूला दोन व्हॉल्व असतात, एक बारीक नळीचा, एक जाड नळीचा. मशीन चालू ठेवायची, एलन कीनं बारीक नळीचा व्हॉल्व बंद करायचा, गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड नळीचाही बंद करायचा अन् लगेच मशीन बंद. सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडला जातो. पाच मिनिटं. त्यानंतर रिकव्हरी मशीन लावून तो सिलेंडरमध्ये भरून घेता येतो, अन् कॉम्प्रेसर जळालेला असेल तर थेट रिकव्हरी मशीननंच खेचायचा. तो गॅस साफ करून शहरात अजून चालू असलेल्या जुन्या मशिनींना वापरता येतो. फक्त एक अट आहे, वायरिंगवाल्यानं एसीवाल्याच्या नंतर यावं. वर्क ऑर्डरमधली एक ओळ खालीवर केली असती तर त्या १४ मशिनींचा गॅस आज सिलेंडरमध्ये असता.

म्हणून माझी पहिली तक्रार हीच आहे की तुमच्या कागदात गॅस नावाची वस्तूच नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात फ्रीज अन् एसी दोन्ही येतात, तरी माल जातो कबाड्याच्या गाडीत, वजनावर, अन् कबाड्याला हवं असतं तांबं.

दुसरी तक्रार मेंटेनन्सच्या ठेक्याची, अन् ही मला सगळ्यात जास्त खुपते कारण आमच्या लाईनीचंच नाव यात खराब होतं. सगळ्यात कमी रेट भरणाऱ्याला वर्षाचा ठेका द्यायचा हा तुमचा नियम. रेट इतका खाली जातो की त्या पैशात लीक शोधणं परवडतच नाही, मग काय, दर एप्रिलला यायचं, गॅस मारायचा अन् निघायचं. लोकांना वाटतं एसी गॅस पितो, जशी गाडी पेट्रोल पिते. एसी गॅस पीत नाही हो. ते बंद सर्किट आहे, गॅस एकदा भरला की मशीन मरेपर्यंत तोच फिरत राहायला पाहिजे. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळून राहिला. एका कॉलेजात मला एकदा असंच बोलावलं होतं, एकाच मशिनीला चार वर्षं दर उन्हाळ्यात गॅस भरल्याची बिलं फाईलला लागलेली. मी साबणाचं पाणी लावलं तर जोडावर फ्लेअर नटाला केसाएवढी चीर, तिथून बुडबुडे येऊन राहिले होते. नट बदलला, नायट्रोजननं प्रेशर टेस्ट केली, व्हॅक्यूम मारला, गॅस वजन करून भरला, त्यानंतर आजवर त्या मशिनीला गॅस लागला नाही. चार वर्षांत किती किलो हवेत गेला असेल त्याचा हिशोब त्या फाईलीतच आहे, फक्त कोणी त्या नजरेनं वाचत नाही.

तिसरी गोष्ट नव्या खरेदीची. नवी मशीन घेताना तुम्ही बघता किती टन अन् किती रुपये. गॅस कोणता ते कोणी विचारत नाही. आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही हे खरं, पण गरमीच्या हिशोबात, जसा बावीसचा १८१०, तसा त्याचा आकडा २०८८, म्हणजे बावीसपेक्षाही जास्त. आर-३२ चा ६७५. प्रोपेनचा, म्हणजे आर-२९० चा, ५ च्याही आत, अन् त्यावर चालणारे स्प्लिट एसी आपल्या देशात २०१२ पासून विकले जातात. घरच्या नव्या फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए असतो, तोही ५ च्या आत. मी हे नाही म्हणत की उद्या सगळीकडे प्रोपेन लावा. तो पेट घेणारा गॅस आहे, खोली केवढी अन् त्यात गॅस किती याचा नियम पाळावा लागतो, शिकलेला हात लागतो. पण टेंडरमध्ये तो प्रश्न तरी यायला पाहिजे. २०१६ ला रवांडा देशातल्या किगालीत करार झाला, आपल्या देशानं तो २०२१ ला मान्य केला. त्यात २०२८ ला या जास्त आकड्याच्या गॅसचा वापर गोठवायचा, म्हणजे वाढू द्यायचा नाही, २०३२ पासून उतरवत आणायचा अन् २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा असं आहे. तुम्ही आज घेतलेली मशीन दहा-बारा वर्षं चालणार, म्हणजे तिचं अर्ध्याहून जास्त आयुष्य गोठवणुकीच्या नंतर जाणार. तेव्हा तिचा गॅस मिळायला त्रास होईल तो तुमच्याच ऑफिसला होईल, तुमची बदली झालेली असेल एवढंच.

विजेचंही तेच. स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं, १६०० तासांच्या हिशोबानं. तो आकडा विजेच्या दरानं गुणा, दहा वर्षांनी गुणा, मशिनीच्या किमतीत मिळवा अन् मग सांगा स्वस्त कोणती. हे गणित सातवीतल्या पोराला येतं. इथं नागपुरात बटण दाबलं की तिकडं कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत कोळसा जळतो, तिथली राख तिथल्या गावांच्या अंगणात पडते, हे काही लांबचं नाही, आपल्या घरून दिसणाऱ्या चिमण्या आहेत.

अजून एक, ही बाहेरची युनिटं. इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये एकावर एक, एकाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीला. एसीची टनाची क्षमता मोजतात तेव्हा बाहेर ३५ डिग्री धरलेली असते. नागपूरला मेमध्ये सावलीत ४५ पर्यंत जातं, मे २०१३ ला ४७.९ झालं होतं. (२०२४ ला एका यंत्रानं ५६ दाखवलं होतं, आठवत असेल, सेन्सर बिघडलेला निघाला, पण तो आकडा ऐकून नागपुरातल्या एकालाही खोटा वाटला नाही.) त्यात या डक्टमध्ये मशिनी एकमेकींचा गरम वारा ओढतात. मी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, अशा डक्टमध्ये उतरलो आहे, श्वास घेतला तर नाक भाजतं. मशीन हाय प्रेशरवर ट्रिप होते, मग साहेब म्हणतात टन कमी पडला, दोनचा घ्या. टन कमी नाही पडला, मशिनीला श्वास घ्यायला जागा नाही.

अन् कूलर. याच्यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण त्या ऑफिसच्या आवारात मी मागे पडलेले मोठे डक्ट कूलर पाहिले, पत्रा चांगला, मोटर चांगली, फक्त ताट्या, म्हणजे पाणी धरणाऱ्या गवताच्या जाळ्या, सडलेल्या. भंगारात काढले म्हणे, आता पूर्ण मजला एसी होणार आहे. साहेब, आपण मुंबईत नाही राहत. मुंबईला कूलर लावला तर अंग चिकट होतं, इथं एप्रिल-मेची हवा कोरडी ठाक असते, ओला टॉवेल दोरीवर टाकला तर चहा होईपर्यंत वाळतो. बाहेर ४५ डिग्री अन् हवेत १५ टक्के दमटपणा असेल तर ताट्या नीट भिजलेल्या कूलरच्या तोंडाशी २८ च्या आसपास हवा येते, नुसत्या पाण्यावर, गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही. साधा घरचा डेझर्ट कूलर दोनेकशे वॅट घेतो, दीड टनाचा एसी पंधराशेच्या आसपास. आपल्या आज्यांनी खसच्या ताट्यांवर पाणी मारून उन्हाळे काढले, ते काही गरिबीचं लक्षण नव्हतं, या हवेची त्यांना समज होती. कूलरला पाणी लागतं हे मला मान्य आहे, मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या वस्त्या मी रोज बघतो, अन् पाणी साचलं की डेंग्यूचे डास होतात हेही खरं, आठवड्याला टाकी कोरडी करून घासावीच लागते. पावसाळ्यात अन् ऑक्टोबरच्या दमटीत कूलर कामाचा नाही. म्हणून मी म्हणतो दोन्ही ठेवा. जिथं लोकं रांगेत उभी असतात ते मोठे हॉल, व्हरांडे, वेटिंगच्या जागा तिथं उन्हाळ्यात कूलर, अन् सर्व्हर रूम, औषधांची खोली, बंद केबिन तिथं एसी. एसीवर माझं पोट आहे, तरी हे सांगून राहिलो, यावरूनच समजून घ्या.

गच्चीचं तर सांगायलाही नको, पांढरा चुना मारायला किती पैसे लागतात ते तुम्हाला माहीत आहे. माझी आई टिनाच्या खोलीत झोपायची, पत्र्यावर चुना मारला त्या वर्षी पहिल्यांदा दुपारी तिनं पंख्याखाली डोळा लावला.

आता माझं यात काय जातं ते लिहितो. मागच्या मेमध्ये माझ्याकडचा धाकटा पोरगा गच्चीवर काम करता करता कोसळला. दुपारी १ ला गेला होता, कारण ऑफिसचा फोनवर फोन, साहेबांची केबिन गरम झाली. डोक्याला दुपट्टा होता, खिशात कांदा होता, पाणी पिऊन गेला होता, तरी ऊन लागलं. दोन दिवस सलाईन. त्याची आई दवाखान्यात मला काही बोलली नाही, नुसती बघत होती. ज्या गॅसनं ही गरमी वाढते तोच गॅस आम्ही हातानं हवेत सोडायचा अन् मग त्याच गरमीत गच्चीवर चढायचं, हे मला आता सहन होत नाही. बावीस भरलेल्या नळीवर आमचा ब्रेझिंगचा, म्हणजे नळी जोडायचा, टॉर्च लावला तर विषारी धूर निघतो, घसा धरतो. लिक्विड बोटावर उडालं तर कातडी गारठून फोड येतो. मला आला आहे, डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं अजून बधिर आहेत. पेट घेणारे गॅस येऊन राहिले, अन् या पोरांच्या हातात अजून हॅकसॉ ब्लेडच आहे.

केंद्र सरकारनं मार्च २०१९ ला इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन काढला. त्यात लिहिलं आहे की २०२२-२३ पर्यंत १ लाख मेकॅनिकना ट्रेनिंग अन् सर्टिफिकेट द्यायचं, अन् २०३७-३८ पर्यंत थंडाव्यासाठी लागणारी वीज २५ ते ४० टक्के अन् गॅसची मागणी २५ ते ३० टक्के कमी करायची. चांगला कागद आहे, मी मनापासून म्हणतो. मी स्वतः दोन दिवसांच्या ट्रेनिंगला गेलो, रिकव्हरी कशी करायची ते तिथंच शिकलो, सर्टिफिकेट लॅमिनेट करून दुकानात लावलं. तेव्हापासून आजवर एकाही टेंडरमध्ये मला कोणी विचारलं नाही की तुमच्याकडे ट्रेनिंगवाला माणूस आहे का. पॅन विचारतात, जीएसटी विचारतात, अनामत रक्कम विचारतात. काम येतं का ते विचारत नाहीत.

तर माझं मागणं असं आहे.

एसी काढायच्या प्रत्येक वर्क ऑर्डरमध्ये गॅस काढून घ्यायचं कलम टाका, त्याचे वेगळे पैसे धरा, अन् किती किलो गॅस निघाला याची वजनाची चिठ्ठी बिलाला जोडल्याशिवाय बिल पास करू नका. जुना माल नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्यालाच द्या.

मेंटेनन्सच्या ठेक्यात लीक शोधून बंद केल्याशिवाय गॅस भरायचा नाही असं लिहा. प्रत्येक मशिनीला एक कार्ड लावा, कोणता गॅस, कधी, किती ग्रॅम. एकाच मशिनीला दोनदा गॅस लागला तर ठेकेदाराला जाब विचारा. ट्रेनिंग घेतलेला माणूस असणं ही अट करा, अन् ज्या पोरांकडे सर्टिफिकेट नाही त्यांना कामावरून काढायच्या ऐवजी ट्रेनिंगला पाठवा.

खरेदी दहा वर्षांच्या खर्चावर करा, अन् गॅसचा आकडा टेंडरमध्ये मागा.

नागपुरात एक अशी जागा करा जिथं माझ्यासारखा लहान दुकानदार काढलेला गॅस नेऊन देऊ शकेल, अन् एक-दोन रिकव्हरी मशिनी भाड्यानं मिळतील. माझ्यासारख्यानं मशीन विकत घेतली तरी भरलेला सिलेंडर न्यायचा कुठे? हे तुम्ही केलं नाही तर बाकीचं कागदावरच राहील, कारण जागा नसली की चांगला मेकॅनिकही शेवटी व्हॉल्व उघडूनच देतो.

चांगले कूलर भंगारात काढू नका, ताट्या बदला. अन् १२ ते ४ च्या मध्ये एप्रिल-मेमध्ये कोणाच्याही पोराला गच्चीवर चढवू नका, केबिन चार तास गरम राहिली तरी चालेल. रिमोटवर २४ ठेवा, २०२० पासून स्टार लेबलचे एसी २४ वरच सुरू होतात, त्याला १८ वर कोण नेतं ते तुम्हाला माहीत आहे.

शेवटचं. मी ज्या ऑफिसबद्दल लिहिलं तिथं दुसऱ्या मजल्याचं काम ३१ मार्चच्या आत होणार आहे असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. जिन्यावरून मी मोजल्या, १८ मशिनी आहेत, त्यातल्या बऱ्याच चालू आहेत, म्हणजे पंपडाऊन होऊ शकतं. तिथल्या एमसीबी अजून जागेवर आहेत. वायरिंगवाल्याला थांबवा. मी माझं गेज अन् एलन की घेऊन येतो, दोन्ही पोरांना आणतो, ठेकेदाराच्या पोराला शिकवतो, एक रुपया घेणार नाही. काढलेली युनिटं गॅससकट कुठे ठेवायची तेवढी एक कुलपाची खोली द्या. दाखल्याच्या अर्जावर माझा नंबर आहेच, साहेब, फोन करा.

आपला,
नंदनवनचा एक फ्रीज-एसी मेकॅनिक, नागपूर